नव्वद सेकंदांचा शब्द: ट्रिपल एच यांना खुले पत्र

प्रति,
श्री. पॉल लेव्हेक उर्फ ट्रिपल एच,
चीफ कंटेंट ऑफिसर, डब्ल्यूडब्ल्यूई

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. शाळेच्या मागे लाल मातीचा लहानसा आखाडा आहे. दरवर्षी जानेवारीत, स्नेहसंमेलनाची गडबड संपली की तिथे एक खेळ होतो. वीस पोरं, पत्र्याच्या डब्यात वीस चिठ्ठ्या, माझ्या गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच. चुन्यानं आखलेलं गोल रिंगण असतं. पहिल्या दोन चिठ्ठ्यांची पोरं आत उतरतात आणि मग दर नव्वद सेकंदांनी शिट्टी वाजून पुढचा आत येतो. उचलून आपटायचं नाही, मानेला हात घालायचा नाही, ठोसा तर नाहीच. फक्त रेटायचं, ओढायचं, समोरच्याचा तोल घालवायचा. दोन्ही पाय रेषेबाहेर टेकले की बाद. शेवटी एक उरतो.

खेळ कुठून आला हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या कंपनीच्या ठरवून लढवल्या जाणाऱ्या कुस्तीत रॉयल रंबल नावाची जी मोठी लढत होते, तिच्यावरून पोरं त्याला रंबलच म्हणतात.

यंदा माझ्याकडून एक चूक झाली. खेळ रंगात असताना ऑफिसातून शिपाई निरोप घेऊन आला, मी मान वळवली, आणि परत वळलो तेव्हा घाईत शिट्टी वाजवली. रिंगणात सहावीतला एक काटकुळा पोरगा नववीतल्या दांडग्याला कसाबसा थोपवून उभा होता. पुढचा गडी आत धावला आणि दोघांनी मिळून त्याला क्षणात रेषेबाहेर काढलं. बाहेरची पोरं गप्प बसली नाहीत. ती तोंडानं सेकंद मोजत होती. "सर, आजून नव्वद झालं न्हाईत! पंच्याहत्तरच झालं. त्यो आत आलाच कसा?" मी घड्याळ बघितलं. पोरं बरोबर होती. मी त्या पोराला परत आत घेतलं.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि हे पत्र डोक्यात लिहायला लागलो.

तुम्हाला लिहितोय त्यामागे एक आठवण आहे. २००६ सालची मायामीची रंबल. पहिल्या क्रमांकावर तुम्ही आलात, दुसऱ्या क्रमांकावर रे मिस्टेरिओ. रेचा जिवलग दोस्त, पैलवान एडी गरेरो जाऊन जेमतेम अडीच महिने झाले होते, आणि रे त्याच्या नावानं लढत होता. साडेपाच फुटांच्या आसपासचा माणूस, आणि समोर तुम्ही. गावात तेव्हा टेन स्पोर्ट्स दिसणारी मोजकी घरं होती, आणि त्यातल्या एका घराच्या सोप्यात आम्ही पंधराएक जण दाटीवाटीनं बसलो होतो. तुम्ही दोघं तासभर रिंगमध्ये होतात. शेवटच्या तिघांत तुम्ही, रँडी ऑर्टन आणि रे उरला, आणि रेनं तुम्हाला वरच्या दोरीवरून बाहेर काढलं तेव्हा त्या सोप्यातला आरडाओरडा ऐकून शेजारची म्हातारी काय झालं म्हणून बघायला आली. ६२ मिनिटं १२ सेकंद. हा आकडा मला आजही पाठ आहे. तुम्हाला बाहेर टाकल्याचा आनंद आम्ही साजरा केला, पण त्या छोट्या माणसाला तासभर मोठं करण्यात तुमचाही हात होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

त्याच्या दहा वर्षं आधी, १९९६ साली, तुम्हीही पहिल्याच क्रमांकावर आला होतात. तेव्हा तुम्हाला फारसं कुणी ओळखत नव्हतं. तरी ४८ मिनिटं टिकलात. म्हणजे नाव नसलेल्या माणसाला ही लढत काय देऊ शकते, हे तुमच्या अंगानं अनुभवलेलं आहे. २०२२च्या जुलैपासून या खेळाचं लेखन तुमच्या हातात आहे. म्हणून हे तुम्हालाच सांगायचं.

आमच्याकडे जत्रेतलं कुस्ती मैदान दुपारी सुरू होतं. ऊन डोक्यावर असताना रेवडीवरच्या कुस्त्या होतात, म्हणजे लहान पोरांच्या. मग नारळाच्या, मग शे-दोनशेच्या, मग हजारांच्या, आणि सूर्य कलल्यावर हलगी कडाडायला लागते तेव्हा इनामाची निकाली कुस्ती. जोड आधी ठरवलेली असते, वजन-उंची बघून, वस्ताद मंडळींनी समोरासमोर हात लावून. ही पद्धत न्यायाची आहे, तिला माझं काही म्हणणं नाही. पण त्यात रेवडीवरचा पोरगा आणि इनामाचा पैलवान कधी एकमेकांसमोर येत नाहीत. रंबलमध्ये येतात. तेच तिचं मोल आहे.

रंबलची कल्पना ज्यांची, त्या पॅट पॅटरसन यांनी हे ओळखलं होतं. माँट्रियालचा हा पैलवान सॅन फ्रान्सिस्कोत बरीच वर्षं लढला. तिथे दरसाल मोठी बॅटल रॉयल होत असे. पंधरा-वीस जण एकदम रिंगमध्ये उतरायचे, दोरीवरून बाहेर पडेल तो बाद. या गर्दीच्या लढतीत एक अडचण असते. सगळे एकदम आत असल्यानं पहिली पाच मिनिटं कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही. पॅटरसन यांनी तिच्यात एकच गोष्ट घातली: घड्याळ. सगळे एकदम नाही, ठरावीक वेळेनं एकेक. ऑक्टोबर १९८७ मध्ये सेंट लुईसला तिची चाचणी झाली आणि २४ जानेवारी १९८८ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टनला ती टीव्हीवर आली. वीस पैलवान, दोन मिनिटांचं अंतर. पहिले दोघे ब्रेट हार्ट आणि टिटो सँटाना, जिंकला जिम डग्गन. पुढच्या वर्षी तीस जण झाले. १९९३ पासून जिंकणाऱ्याला रेसलमेनिया या तुमच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात विजेतेपदाची लढत मिळायला लागली. पॅटरसन २०२०च्या डिसेंबरमध्ये गेले. त्यांनी दिलेली गोष्ट म्हणजे दोरीवरून फेकणं नव्हे, ते आधीपासून होतंच. त्यांनी दिलं ते घड्याळ.

त्या घड्याळानं काय काय केलं ते आठवा. १९९७, सॅन अँटोनिओ. स्टीव्ह ऑस्टिननं रिंग रिकामी केली आहे आणि तो कोपऱ्यातल्या खांबावर बसून मनगटाकडे बघतोय. मनगटावर घड्याळ नाही, तरी बघतोय, की अजून कुणी कसा येत नाही. मग आकडे उलटे सुरू होतात, भोंगा वाजतो आणि ब्रेट हार्टचं संगीत लागतं. ऑस्टिनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. एक शब्द नाही, एक डाव नाही, तरी ती मला या खेळातली सर्वांत चांगली लिहिलेली जागा वाटते. किंवा २०२०, ह्यूस्टन. मानेच्या दुखापतीनं २०११ साली निवृत्त झालेला एज. जवळजवळ नऊ वर्षं हा पैलवान लढतीत उतरला नव्हता. दहा, नऊ, आठ, आणि मग ते संगीत. तो धुरातून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. मी मध्यमवयाला टेकलेला माणूस, बायकोसमोर हमसून रडलो. तिनं विचारलं, कोण आहे हा? मला सांगता येईना.

आमच्या तालमीतले वस्ताद मात्र या सगळ्याकडे पाठ करून बसायचे. "आरं, ही नुरा हाय. ठरवून केल्याली. हिच्यात काय बघायचं?" आमच्या भागात नुरा कुस्ती हा पैलवानाला दिलेला सर्वांत वाईट शिक्का. ज्याच्यावर तो बसला त्याला पुन्हा मैदानात कुणी फेटा बांधत नाही. मी त्यांना कधी उलट बोललो नाही. पण माझं आजोळ कुडाळकडचं. लहानपणी देवळासमोरच्या जत्रेत रात्र-रात्र दशावतार बघितलाय. राक्षस मरणार हे आधीच माहीत असतं, पोराटोरांनाही. संवाद मात्र कागदावर नसतात. कथा ठरलेली, बोलणं तिथल्या तिथे उभं राहतं, समोरच्या माणसांच्या हुंकारावर. लोक पहाटेपर्यंत बसतात ते निकालासाठी नव्हे. रंबलचंही तसंच आहे. कोण कितवा येणार, कुणी कुणाला काढायचं, शेवटी कोण उरणार हे तुम्ही ठरवता. मधल्या जागा पैलवान कानात बोलून भरतात. यात फसवणूक नाही. वस्तादांच्या नुरा कुस्तीत पैशासाठी लोकांना खोटं सांगितलेलं असतं. इथे लोकांना ठाऊक असतं आणि तरी ते येतात.

पण दशावतारातही काही गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. रात्र खरी लागते. पेटाऱ्यातून निघालेला मुकुट जड असावा लागतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे: निकाल तुम्ही लिहा, खुशाल लिहा. पण रंबलमध्ये तीन गोष्टी लिहायच्या नसतात. एक पडणं, दुसरी समोरची माणसं, आणि तिसरं घड्याळ.

पडण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? तरी एक सांगतो. २०११च्या डिसेंबरमध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात 'रिंग का किंग' या कुस्तीच्या टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं. जेफ जॅरेट तिथे होता, स्कॉट स्टायनर होता, आपल्याकडची पोरं होती. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो आणि प्रेक्षकांत बसलो होतो. टीव्हीवर न ऐकू येणारी एक गोष्ट तिथे ऐकली: फळ्यांचा आवाज. कॅनव्हासखाली पातळ गादी, तिच्याखाली लाकडी फळ्या, त्याखाली लोखंड. माणूस पाठीवर पडला की तो आवाज छातीत येतो. लाल माती निदान माणसाला पोटात घेते. आम्ही ती खणतो, चाळतो, तिच्यात ताक, तेल, हळद घालतो, ती मऊ ठेवतो. त्या फळ्या कुणाला पोटात घेत नाहीत. आणि रंबलमध्ये तर वरच्या दोरीवरून थेट जमिनीवर यायचं, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त अंतर, तेही पाठीमागे न बघता. २०२४ साली सीएम पंकच्या दंडाचा स्नायू याच लढतीत फाटला. तरी तो शेवटच्या दोघांपर्यंत उभा होता, कोडी ऱ्होड्सनं त्याला बाहेर काढेपर्यंत. त्याची त्या वर्षीची रेसलमेनिया गेली. हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

समोरची माणसंही लिहिता येत नाहीत. २०१४, पिट्सबर्ग. लोकांना डॅनियल ब्रायन हवा होता आणि तो लढतीत नव्हताच. तिसाव्या क्रमांकावर रे मिस्टेरिओ आला. तोच रे, ज्याच्यासाठी आठ वर्षांपूर्वी आम्ही ओरडलो होतो. त्या सभागृहानं त्यालाही हुर्यो दिली, कारण तो ब्रायन नव्हता. बतिस्ता जिंकला आणि लोक संतापले. त्या संतापानं पुढची कथा बदलली आणि एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रेसलमेनियात ब्रायन विजेता होऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला. त्या संध्याकाळी रिंगमध्ये त्याच्यासमोर पहिल्यांदा उभे राहिलात ते तुम्हीच, आणि हरलातही. लोकांचं ऐकलं की काय होतं याचे साक्षीदार तुम्ही आहात.

उरलं घड्याळ. तुम्ही दरवर्षी सांगता की ठरावीक वेळेनं नवा पैलवान येईल. पडद्यावर ते शेवटच्या दहा सेकंदांपुरतं दिसतं. त्याआधीची सेकंदं प्रेक्षक मोजत नाहीत असं तुमच्या माणसांना वाटत असावं. मोजतात हो. माझी आठवीतली पोरंसुद्धा मोजतात. अंतर कुठे कमी भरतं, कुठे जास्त. मोठं नाव यायचं असेल तर रिंग मोकळी होईपर्यंत घड्याळ थांबतं. कुणाचा लांबलचक प्रवेश संपायच्या आत पुढचे आकडे सुरू होतात, आणि त्या बिचाऱ्या पुढच्याला धड दोन पावलं टाकायला जागा मिळत नाही. बघणाऱ्याला हे लगेच उमगत नाही. पण आमच्या आखाड्यात पंधरा सेकंदांनी काय केलं ते मी वर लिहिलंय. एकट्यानं एका मोठ्याला थोपवून धरलेल्या लहान माणसाचं सगळं बळ त्या पंधरा सेकंदांत असतं. त्याला वाटतं, शिट्टीपर्यंत टिकलो की झालं. ती शिट्टीच पुढेमागे केलीत, तर मग त्यानं कशाच्या आधारावर उभं राहायचं?

लवकर बाद होण्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आवर्जून सांगतो. २००९ साली सँटिनो मारेला आत आला आणि केननं त्याला दोन सेकंदांच्या आत बाहेर फेकलं. १.९ सेकंद. त्याचं नाव त्या आकड्यासकट अजून घेतलं जातं. त्याला चिठ्ठी मिळाली, भोंगा वाजला, त्याचं संगीत लागलं, तो धावत आला. पुढचं त्याचं नशीब. २०२०ला ब्रॉक लेस्नरनं एकामागून एक १३ जणांना फेकलं, त्यातले कित्येक क्षणभरही टिकले नाहीत. तरी प्रत्येकजण आपापल्या वेळेला, आपापल्या नावानं आला. त्यात अपमान नाही.

अपमान वेगळ्या ठिकाणी होतो. २०२५, इंडियानापोलिस. अकिरा टोझावाची जागा इंटरनेटवरच्या एका लोकप्रिय तरुणाला दिली गेली. टोझावावर आधी हल्ला झाल्याचं दाखवलं गेलं आणि त्याच्याऐवजी आयशोस्पीड धावत रिंगकडे गेला. हे सगळं कथेतलंच होतं, मला कळतं. त्या तरुणालाही मी दोष देत नाही. रिंगमध्ये ब्रॉन ब्रेकर या पैलवानाची धावत आलेली धडक त्यानं अंगावर घेतली, ती सोसायला छाती लागते. पाहुणे याआधीही आलेत, २००१ साली टीव्हीवरचा विनोदवीर ड्रू केरी आला होता. तोही विनोदाचा भाग होता आणि मला तो तेव्हाही आवडला नव्हता.

पण टोझावा कोण आहे? जपानमध्ये वर्षानुवर्षं घासून तयार झालेला, २०१६ पासून तुमच्याकडे असलेला, २०१७च्या ऑगस्टमध्ये सहा दिवसांसाठी क्रूझरवेट, म्हणजे हलक्या वजनी गटाचा, विजेता झालेला माणूस. त्यानंतर त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा हरणं आणि हसवणं आलं, आणि ते त्यानं मन लावून केलं. असा पैलवान प्रत्येक तालमीत असतो. मोठ्या गड्याला सरावाला अंग देतो, त्याच्याकडून रोज आपटून घेतो, माती खणतो, आणि मैदानाच्या दिवशी त्याचं नाव पत्रकावर शेवटच्या ओळीत असतं. आमच्या गावात अशा माणसाचं नाव पत्रकावरून काढून तिथे पाहुण्याचं नाव घातलं, तर मैदान भरणार नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला कोण येईल? टोझावाला १.९ सेकंदच द्यायचे होते तर द्यायचे. चिठ्ठी त्याची होती.

इंडियानापोलिसच्या त्याच रात्री शेवटी जे उसो हा गडी उरला आणि त्यानं जॉन सीनाला बाहेर काढलं. दहा-बारा वर्षं भावासोबत जोडीत लढलेला माणूस, सीनाच्या निरोपाच्या वर्षात. अनेकांना तो निकाल पटला नाही, मला मनापासून पटला. २०२३ला गुंथर पहिल्या क्रमांकावरून ७१ मिनिटं लढला आणि शेवटच्या दोघांत येऊन हरला, तेव्हाही तुम्ही हरणाऱ्याला मोठं केलंत. त्याच रात्री बायकांच्या लढतीत पहिली आलेली रिया रिप्ली आणि दुसरी आलेली लिव्ह मॉर्गन या दोघीच शेवटपर्यंत राहिल्या. अशा रात्री दाखवतात की तुम्हाला हे जमतं, आणि कळतंही. म्हणून टोझावाची जागा जास्त खुपते.

बायकांच्या रंबलचा विषय निघालाच आहे तर. २८ जानेवारी २०१८ला फिलाडेल्फियात ती पहिल्यांदा झाली, कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, मानाच्या जागी. साशा बँक्स पहिल्या क्रमांकावरून ५४ मिनिटं टिकली, असुका जिंकली. आमच्या शाळेतल्या मुली तोपर्यंत रिंगणाबाहेर उभ्या राहून चिठ्ठ्या वाटायच्या. त्या वर्षी दोघी पुढे आल्या आणि म्हणाल्या, आमचा वेगळा डबा करा. तेव्हापासून दोन डबे आहेत. आमच्या जिल्ह्यात मुलींना आखाड्यात उतरवताना घरच्यांशी किती बोलावं लागतं हे मला ठाऊक आहे, आणि त्या एका लढतीनं माझं अर्धं काम सोपं केलं. २०२४ला बेलीनं तासाभराहून जास्त टिकून जिंकली, ती तर आमच्या पोरींनी दोनदा बघितली.

आणि त्याच २०१८च्या एप्रिलमध्ये जेद्दाला तुमच्या कंपनीनं ५० पुरुषांची रंबल भरवली. तिला 'ग्रेटेस्ट' हे नाव दिलं. त्या कार्यक्रमात बायकांची एकही लढत नव्हती, त्यांना तिथे लढायची मुभाच नव्हती. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रियाधला नटालिया आणि लेसी एव्हान्स अंगभर कपडे घालून लढल्या, तेव्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाऊल पुढचं होतं, मी नाकारत नाही. २०२६ची रंबल रियाधला न्यायचंही तुम्ही ठरवलंत. मग एक करा. जेद्दाच्या त्या रात्रीचं 'ग्रेटेस्ट' हे नाव नोंदींतून काढून टाका. ५० म्हणा, हवं तर जेद्दाची म्हणा. अर्धं घर बाहेर ठेवून जेवायला बसल्यावर त्या पंगतीला सर्वांत मोठी म्हणत नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, सगळ्यात मोठी रंबल झाली त्यात मुली कितवी आल्या?" मी तिला खरं तेच सांगितलं. ती काही बोलली नाही.

नियमांबद्दल एक चांगली गोष्टही लिहायला हवी. दोन्ही पाय जमिनीला टेकले तरच बाद. याच नियमावर १९९५ साली शॉन मायकल्स एका पायानं वाचला आणि जिंकला. कोफी किंग्स्टन २०१२ला हातांवर चालत परत आला. आमची पोरं त्याची नक्कल करत आखाड्यात हातांवर चालायला शिकली, त्यातला एक आज जिमनॅस्टिक्स करतो. आणि २०२२ला कोफीचा तोच डाव फसला. कठड्यावर पोचता पोचता पाय जमिनीला लागले. इतक्या वर्षांची त्याची करामत, लोक वाट बघत बसलेले, तरी पंचांनी त्याला बाद दिलं. मला वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. पायांचा नियम तुम्ही इतका जपता, तसाच घड्याळाचा जपा. एवढंच मागणं आहे.

२००७ला खली आला होता, अठ्ठाविसाव्या क्रमांकावर. त्यानं सात जणांना बाहेर काढलं आणि मग तिसाव्या क्रमांकाच्या अंडरटेकरनं त्याला. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातला, दगड फोडून पोट भरलेला माणूस. त्याच वर्षी जुलैत वीस जणांची बॅटल रॉयल जिंकून तो जगज्जेता झाला. आमच्या वस्तादांनी आयुष्यात एकदाच तुमचा कार्यक्रम बघितला, तो खलीसाठी. खाटेवर बसून पूर्ण बघितला. शेवटी एवढंच म्हणाले, "नुरा हाय, पन गडी खरा हाय." वस्ताद आता नाहीत. मी त्यांचं हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचवायचं ठरवलं होतं, ते या निमित्तानं पोचवतो.

तेव्हा विनंती ही. अंतर नव्वद सेकंदांचं जाहीर केलंत तर ते नव्वदच ठेवा, सीनासाठीही आणि टोझावासाठीही. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ पहिल्या सेकंदापासून चालू दिसू द्या, सभागृहातही दिसू द्या. तुमच्या पैलवानांना त्या बंधनात बसवून कथा लिहिणं अवघड जाईल, पण कथा त्याच अडचणीतून चांगली होते. ऑस्टिनचं ते मनगट आठवा. आणि तीस जागांपैकी निदान काही जागा वर्षभर राबणाऱ्या पण नाव नसलेल्या माणसांसाठी राखून ठेवा. त्या कुठल्याही पाहुण्याला, कितीही गर्दी खेचणारा असला तरी, द्यायच्या नाहीत. १९९६ सालच्या त्या ४८ मिनिटांच्या पोराला विचारून बघा, तो नाही म्हणणार नाही.

आमच्या खेळाचं शेवटचं सांगतो. मुलं चिठ्ठीच्या मागे आपल्या आवडत्या पैलवानाचं नाव लिहितात आणि ते नाव पुकारलं की आत धावतात. चूक झाली त्या दिवशी मी त्या सहावीतल्या पोराला परत आत घेतलं खरं, पण तोवर त्याचा दम गेला होता, आणि तो लगेच बाद झाला. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी खेळ पहिल्यापासून खेळायचा ठरवला. नव्या चिठ्ठ्या झाल्या. त्यानं आपल्या चिठ्ठीमागे टोझावा लिहिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. अकरावा आला. तिघांना रेषेबाहेर काढलं, मग नववीतल्या दोघांनी मिळून त्याला काढलं. मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं वीस सेकंद. वहीत तशी नोंद करून खाली सही केली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक क्रीडाशिक्षक,
जि. सांगली